नाव झाकलेली तबकडी : ध्वनिमुद्रणांची विपुलता आणि डीजेच्या शोधपरंपरेचा इतिहास

१. विषयप्रवेश

'डीजे' हा शब्द आजच्या मराठी व्यवहारात बहुधा मिरवणुकीपुढे चालणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसाठी वापरला जातो. मूळ संज्ञा मात्र यंत्राची नसून माणसाची आहे. इतरांनी रचलेली, गायिलेली व मुद्रित केलेली गाणी निवडून ती एका विशिष्ट क्रमाने लावणारा आणि श्रोत्यांना ऐकविणारा वा नाचविणारा तो 'डिस्क जॉकी'. प्रस्तुत निबंधात हा शब्द याच अर्थाने योजला आहे.

डीजेने लावलेल्या गाण्यात त्याचे स्वतःचे म्हणावे असे बहुधा काही नसते. स्वर, शब्द आणि ताल सारे इतरांचे असते. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो कलावंत म्हणून मान्यता पावला. ही मान्यता निवडीला होती. संकलकाचे कर्तृत्व साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. 'गाथासप्तशती'तील गाथा अनेक कवींच्या असूनही तो ग्रंथ हालाच्या नावाने ओळखला जातो. मात्र डीजेच्या निवडीला एक भौतिक अट होती. जी तबकडी हाती नाही ती लावता येत नसे. त्यामुळे निवडीआधी शोध येई, आणि शोधून काढलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती लागू न देणे हा शोधाचाच एक भाग बनला होता.

डिजिटल माध्यमाने ही स्थिती पालटली. या पालटाचे वर्णन सामान्यतः 'दुर्मीळतेकडून विपुलतेकडे' अशा शब्दांत केले जाते. ते वर्णन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. तबकडीच्या काळात डीजेची प्रतिष्ठा बऱ्याच अंशी गाण्याचे नाव झाकण्यावर उभी होती. डिजिटल काळात ते नाव झाकून ठेवणे कठीण झाले. गाणे आणि त्याच्या कर्त्याचे नाव यांच्या संबंधात घडलेला हा बदल विपुलतेपेक्षा अधिक मूलगामी आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. नाव झाकण्याची परंपरा

ही परंपरा जमैकात आरंभापासून दिसते. १९५० च्या दशकात किंग्स्टन शहरात 'साउंड सिस्टिम' या नावाने ओळखले जाणारे फिरते ध्वनिसंच उभे राहिले. अमेरिकेहून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या उघड्या आवारात मोठ्या आवाजात लावणे आणि त्यावर श्रोते व मद्यविक्री मिळविणे हा त्यांचा व्यवसाय. कोणती तबकडी कोणाकडे आहे यावर संचाचा लौकिक ठरे. म्हणून संचमालक लेबलावरील अक्षरे खरवडून टाकीत. क्लेमंट 'कॉक्सन' डॉड यांच्या संचाची ओळख बनलेली एक धून 'कॉक्सन हॉप' या नावाने प्रसिद्ध होती. प्रत्यक्षात ती अमेरिकन सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सन याची 'लेटर फॉर द गेटर' ही रचना होती. प्रतिस्पर्धी ड्यूक रीड यांनी मूळ तबकडी शोधून ती आपल्या संचावर लावली, तेव्हा डॉड यांची मक्तेदारी संपली. त्या काळी एका नावाचा शोध हा व्यापारी पराभव ठरू शकत होता.

जमैकात जन्मलेला आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कला आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क याच्यामार्फत ही रीत ब्राँक्समध्ये पोहोचली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत झालेला त्याचा कार्यक्रम हिपहॉपचा आरंभबिंदू मानला जातो. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा लहानसा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', लांबविण्यासाठी तो एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन फिरत्या चकत्यांवर ठेवी. असा तुकडा कोणत्या तबकडीत सापडतो हे ज्ञान हेच त्याचे भांडवल होते. ते राखण्यासाठी लेबले पाण्यात भिजवून काढून टाकली जात. हे गुपित सार्वजनिक करण्याचे काम १९८६ ते १९९१ या काळात 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या २५ खंडांच्या मालिकेने केले. डीजेंनी वर्षानुवर्षे लपविलेली गाणी तीत एकत्रितपणे विक्रीस आली. डिजिटल माध्यम व्यवहारात येण्यापूर्वीच गुप्ततेला पहिला तडा गेला होता, ही बाब लक्षणीय आहे.

या परंपरेचे सर्वांत विकसित रूप मात्र उत्तर इंग्लंडमधील 'नॉर्दर्न सोल' चळवळीत आढळते. डेट्रॉइट, शिकागो आदी शहरांतील लहान कंपन्यांनी १९६० च्या दशकात काढलेल्या आणि त्या वेळी न खपलेल्या सोल संगीताच्या तबकड्या हा या चळवळीचा कच्चा माल होता. अमेरिकेतील गोदामांतून त्या घाऊक प्रमाणात विलायतेत आणल्या जात. मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील'पासून २३ सप्टेंबर १९७३ रोजी सुरू झालेल्या आणि १९८१ मध्ये बंद पडलेल्या 'विगन कसिनो'पर्यंत अनेक नृत्यगृहांत गिरण्या-कारखान्यांतील तरुण रात्रभर या गाण्यांवर नाचत. येथे 'कव्हर-अप'ची रीत रूढ झाली. मूळ लेबलावर कोरा कागद चिकटवून गाण्याला आणि गायकाला बनावट नावे दिली जात. नाव कळताच नकली प्रती छापणारे व्यापारी पुढे सरसावत आणि आठवड्याभरात दुर्मीळता संपे, हे त्याचे व्यावहारिक कारण.

फ्रँक विल्सन या गायकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मोटाउन कंपनीच्या 'सोल' या लेबलासाठी १९६५ मध्ये मुद्रित झालेल्या त्याच्या 'डू आय लव्ह यू' या गाण्याच्या बहुतेक प्रती प्रकाशनापूर्वीच नष्ट झाल्या. दीर्घकाळ केवळ दोन प्रती ज्ञात होत्या. विगनमध्ये ते गाणे प्रथम गाजले ते 'एडी फॉस्टर' या दुसऱ्याच गायकाच्या नावाने. पुढे २००९ मध्ये त्याची एक प्रत २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. जुन्या तबकडीच्या फेरविक्रीतून गायकाला मानधन मिळत नाही, हे ध्यानात घेता या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होते. ज्याच्या आवाजावर एक संपूर्ण पिढी नाचली, त्याच्या वाट्याला ना नाव आले ना धन.

३. बंदिशीतील मुद्रा आणि तबकडीवरील लेबल

संगीतातील गुप्तता ही केवळ पाश्चात्त्य नृत्यगृहांची बाब नाही. हिंदुस्थानी संगीतातील घराणी आपल्या खास चिजा परक्यास सहसा शिकवीत नसत. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी उस्तादांकडून परिश्रमपूर्वक मिळविलेल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या, तेव्हा घराण्यांच्या मिरासदारीला छापील पुस्तकाचे आव्हान मिळाले. जे गुरूच्या मर्जीने वर्षांनुवर्षांच्या सेवेनंतर लाभे, ते चार पैशांच्या पुस्तकात आले. त्यावर जो आक्षेप घेतला गेला तोही परिचित आहे. चीज छापता येते, गायकी छापता येत नाही. सर्व गाणी सर्वांना खुली झाल्यावर जुन्या डीजेंनी घेतलेला आक्षेप याच जातीचा होता. फाइल मिळाली म्हणून जाण मिळत नाही.

साम्याइतकाच या दोन परंपरांतील भेदही महत्त्वाचा आहे. ख्यालाच्या बंदिशीत रचनाकाराची मुद्रा गुंफलेली असते. 'सदारंग' हे नाव गाण्याच्या शब्दांतच येते. अभंगाच्या अखेरच्या चरणातील संताची नाममुद्रा याच स्वरूपाची. मुद्रेमुळे कर्तृत्व निर्विवाद ठरते असे नाही. इतरांच्या रचनाही सदारंगाच्या किंवा तुकोबांच्या नावावर चढल्या आहेत, आणि पाठचिकित्सेचा बराचसा खटाटोप त्यापायीच आहे. तथापि चीज लपविली तरी ती गायिली जाताना कर्त्याचे नाव उच्चारावेच लागे. नाव आणि कृती यांची फारकत करता येत नसे.

तबकडीची रचना याहून वेगळी आहे. तिच्यात ध्वनी खाचांत आणि नाव कागदावर, असे दोन स्वतंत्र थर आहेत. कागद भिजवून काढला तर ध्वनी तसाच राहतो आणि कर्ता नाहीसा होतो. मौखिक परंपरेत नाव हा रचनेचा अवयव होता, तर यांत्रिक मुद्रणात ते वेष्टनावरील मजकूर बनले. डीजेच्या गुप्ततेला वाव मिळाला तो या विलगतेमुळे.

४. गोव्यातील मधला टप्पा

डिजिटल तंत्र आणि खुली उपलब्धता या एकच गोष्टी आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. गोव्याचा अनुभव त्याला छेद देतो. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य हिप्पींची वस्ती होऊ लागली. तेथील रात्रभराच्या नृत्यमेळाव्यांत तबकड्यांचा उपयोग अवघड होता. उष्णतेने त्या वाकत, आणि खंडांतरी प्रवासात त्यांचे ओझेही होई. म्हणून १९८० च्या दशकात येथे कॅसेट रूढ झाली, आणि सोनी कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या 'डॅट' या डिजिटल ध्वनिफितीने पुढे तिची जागा घेतली. गोवा गिल (मृत्यू २०२३) या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन डीजे अखेरच्या पर्वापर्यंत या फितीशी एकनिष्ठ राहिला.

डॅट फितीवरून घेतलेली प्रत मुळाहून तसूभरही कमी नसते. तत्त्वतः येथेच दुर्मीळता संपावयास हवी होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. लंडनच्या स्टुडिओत तयार झालेले अप्रकाशित संगीत फितीवर उतरून गोव्यात येई, आणि कोणाला प्रत द्यावयाची हे मैत्री, विश्वास व परतभेट यांवर ठरे. फितीवर छापील लेबलही नसे, केवळ हाताने लिहिलेली खूण असे. अर्थात तंत्र डिजिटल होते, पण अभिसरण घराण्याच्या रीतीचे होते. याचा निष्कर्ष असा की, गुप्ततेची व्यवस्था ध्वनीच्या डिजिटल रूपाने मोडली नाही. ती पुढे प्रती एकमेकींशी जोडणाऱ्या जाळ्याने मोडली.

माध्यमाचा परिणाम संगीताच्या घाटावरही झाला. डॅट यंत्रांवर गती कमीजास्त करण्याची सोय सहसा नसे. त्यामुळे दोन गाण्यांचे ताल परस्परांत मिसळणे शक्य नव्हते. परिणामी गाण्यांच्या आरंभी आणि अखेरीस तालविरहित दीर्घ ध्वनिपट्टे येऊ लागले. 'गोवा ट्रान्स' या प्रकाराची ती एक ओळखच बनली. येथेही नावाचा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. प्रकाराला नाव गोव्याचे मिळाले, परंतु त्याचे प्रमुख रचनाकार आणि प्रकाशनसंस्था युरोप व इस्राएलमधील होत्या. कोकणी वा मराठी गायन-वादनाला त्यात स्थान नव्हते.

५. जाळे आणि नामाभिज्ञान

१९९९ ते २००९ हे दशक या इतिहासातील संक्रमणाचे होय. १९९५ मध्ये 'एमपी३' हे नामाभिधान मिळालेल्या ध्वनिसंक्षेपाच्या पद्धतीमुळे गाण्याची फाइल टेलिफोनच्या तारेतून पाठविण्याइतकी लहान झाली होती. जून १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'नॅपस्टर'ने लोकांच्या संगणकांवरील असे संग्रह परस्परांना खुले केले. न्यायालयीन कारवाईमुळे जुलै २००१ मध्ये ती सेवा थांबली, परंतु गाणे घरबसल्या मिळते ही अपेक्षा मात्र समाजात रुजली. डच कंपनीने विकसित केलेल्या 'फायनल स्क्रॅच' या प्रणालीने याच सुमारास फाइल आणि तबकडी यांचा सांधा जुळविला. विशिष्ट संकेत कोरलेली एकच तबकडी फिरवून संगणकातील कोणतेही गाणे हाताळता येऊ लागले. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या 'सेराटो'ने हेच तंत्र अधिक सुलभ केले. त्याच वर्षी अमेरिकेतील डेन्व्हर शहरातून 'बीटपोर्ट' हे केवळ नृत्यसंगीताच्या फाइलींचे दुकान सुरू झाले.

बाह्य परिणाम त्वरित जाणवले. ऐंशी-शंभर तबकड्यांची पेटी वाहून नेणारा डीजे हजारो गाणी खिशात घेऊन फिरू लागला. आयात तबकडीची वाट पाहण्याचे आठवडे काही मिनिटांवर आले. ब्रेक लांबविण्यासाठी दोन प्रती घेण्याची गरज उरली नाही. लंडन वा न्यूयॉर्कच्या दुकानाशी संधान असणे ही पूर्वी अपरिहार्य अट होती. ती गेल्यामुळे पुणे, गुवाहाटी किंवा नैरोबी येथील होतकरू तरुणाला तीच गाणी त्याच दिवशी मिळू लागली. महानगरांची मक्तेदारी ढळली, हा या बदलाचा निःसंशय लाभ होय.

अधिक खोल बदल घडविला तो दोन सेवांनी. पहिली 'डिस्कॉग्ज'. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तबकड्यांची सूची म्हणून ती २००० मध्ये केव्हिन लेवँडोव्स्की यांनी सुरू केली आणि पुढे ती सर्व प्रकारच्या संगीताला व्यापणारी झाली. तबकडीची आवृत्ती, वर्ष, लेबल, वादक आदी तपशील संग्राहकांनी स्वेच्छेने नोंदविल्यामुळे ध्वनिमुद्रणांची एक प्रचंड वर्णनात्मक सूची तयार झाली. संहितेच्या आवृत्त्यांची छाननी करणाऱ्या अभ्यासकाला या कामातील शिस्त ओळखीची वाटेल. परंतु सूचीसोबत बाजारपेठही आली आणि प्रत्येक तबकडीची किंमत जगाला कळली. अज्ञानामुळे स्वस्तात मिळणारे घबाड जवळजवळ संपुष्टात आले.

दुसरी सेवा 'शझाम'. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये २५८० हा क्रमांक फिरवून फोन ध्वनिक्षेपकासमोर धरला की गाण्याचे नाव लघुसंदेशाने येई. ध्वनीतील ठळक शिखरबिंदूंचा आराखडा काढून तो साठ्यातील आराखड्यांशी ताडून पाहणे हे तिचे तत्त्व. या योजनेत लेबलाची आवश्यकताच उरत नाही. कागद खरवडला, भिजविला वा झाकला तरी ध्वनी स्वतःच नाव सांगतो. यांत्रिक मुद्रणाने रचनेबाहेर काढलेले नाव एका अर्थी पुन्हा रचनेत परतले. भेद इतकाच की, सदारंगाची मुद्रा मानवी कानांना ऐकू येई, आणि ही मुद्रा केवळ यंत्राला वाचता येते. शिवाय साठ्यात नसलेले गाणे या यंत्राच्या लेखी निनावीच राहते.

नाव झाकण्याची ऊर्मी मात्र यामुळे नष्ट झाली नाही. तिने रूप पालटले. अप्रकाशित फाइली मोजक्या डीजेंना आधी देण्याची प्रथा वाढली. केवळ तबकडीवर निघणारी आणि नाव न छापलेली प्रकाशने येऊ लागली. श्रोत्यांनी तयार केलेल्या गाण्यांच्या याद्यांत ज्याचे नाव उकलले नाही त्यापुढे 'आयडी' असे लिहिले जाऊ लागले. विपुलतेत दुर्मीळता कृत्रिमरीत्या निर्माण करावी लागते, असा याचा अर्थ. डीजेंची आवडती 'टेक्निक्स १२००' ही फिरती चकती २०१० मध्ये उत्पादनातून बाद झाली आणि २०१६ मध्ये परतली. तबकडीच्या पुनरागमनामागे स्मरणरंजन आहेच, परंतु मर्यादेची गरजही आहे.

६. सापडलेली नावे, हरवलेली नावे

या स्थित्यंतराचे नैतिक मोल जोखण्यासाठी दोन भारतीय उदाहरणे उपयुक्त ठरतात. मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा रागांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने 'अॅसिड ट्रॅक्स'मध्ये तेच 'टीबी-३०३' यंत्र वापरले आणि 'अॅसिड हाउस' हा प्रकार जन्मास आला असे मानले गेले. एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी २००२ मध्ये दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले. इतके अकालिक वाटणारे संगीत ही कोणा समकालीनाने केलेली लबाडी असावी, अशी शंकाही काहींनी घेतली. सिंग हयात होते. २०१५ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांना युरोपातील रंगमंचांवर वादन करता आले.

दुसरे उदाहरण बंगाली गायिका रूपा विश्वास यांचे. कॅनडातील कॅल्गरी येथे मुद्रित झालेली त्यांची 'डिस्को जॅझ' ही तबकडी १९८२ मध्ये निघाली आणि विस्मरणात गेली. तीतील 'आज शनिबार' हे गाणे पुढे यूट्यूबच्या शिफारसींमधून जगभर पोहोचले आणि २०१९ मध्ये अमेरिकेतील 'न्यूमेरो ग्रुप'ने ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. पहिल्या उदाहरणात शोध माणसाने दुकानात घेतला, दुसऱ्यात प्रसार यंत्राच्या शिफारसीने झाला. दोन्हींत झाकण्याऐवजी नाव उजेडात आणण्याला प्रतिष्ठा मिळाली. फ्रँक विल्सनला 'एडी फॉस्टर' करणाऱ्या काळाशी तुलना केल्यास हे अंतर लहान नाही.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. दोन्ही तबकड्यांचे पुनःप्रकाशन भारताबाहेर झाले. भारतीय ध्वनिमुद्रणांचा कोणता भाग स्मरणात राहावा, हे अंशतः बाहेरील अभिरुचीने ठरले. नृत्यगृहाला उपयोगी पडेल ते उचलले गेले. दुसरे असे की, ज्याचे डिजिटल रूपांतर झाले नाही ते आता दुहेरी अदृश्य होते. पूर्वी ते दुर्मीळ असे, आता ते अस्तित्वातच नसल्यासारखे वाटते. आणि जे रूपांतरित झाले तेही सुरक्षित नाही. 'मायस्पेस' या संकेतस्थळाने २०१९ मध्ये मान्य केले की, २०१५ पर्यंत तेथे ठेवलेले संगीत साठ्याच्या स्थलांतरात नष्ट झाले. ही गाणी सुमारे ५ कोटी असावीत, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. तिसरे, उपलब्धता म्हणजे मालकी नव्हे. 'स्पॉटिफाय'ने २०२० मध्ये डीजेंच्या उपकरणप्रणालीतून आपला संग्रह काढून घेतला, तेव्हा ज्यांनी त्यावर विसंबून गाणी जमविली होती त्यांच्या हाती केवळ नावांची यादी उरली. जुन्या डीजेकडे नाव नसलेले गाणे होते, नव्याकडे गाणे नसलेले नाव राहिले.

७. उपसंहार

डिजिटल माध्यमाने डीजेचे कर्तृत्व संपविले, हा आरोप इतिहासाला धरून नाही. शोधाचे श्रम संपले नाहीत, ते मिळविण्याकडून चाळण्याकडे सरकले. लाखो गाण्यांतून एका रात्रीपुरती तीस गाणी निवडणे हे काही सोपे काम नव्हे. विक्रीच्या क्रमवाऱ्या आणि यंत्राच्या शिफारसी सर्वांना त्याच तीस गाण्यांकडे लोटत असताना ते अधिकच कठीण ठरते. जे संपले ते अज्ञानावर उभे असलेले अधिकारपद. त्याचा शोक करताना, त्या पदाची किंमत अनेक निनावी गायक-वादकांनी मोजली होती, याचा विसर पडू नये.

भातखंडे यांच्या पुस्तकांनी गायकी बुडाली नाही. चीज ठाऊक असणे आणि ती मांडता येणे यांतील अंतर मात्र त्यामुळे उघड झाले. नव्या काळाने डीजेच्या बाबतीत हेच केले. गाणे आपल्यापाशी आहे एवढ्याने आता कोणी थोर ठरत नाही. ते का लावले, कशानंतर लावले आणि ते कोणाचे आहे हे त्याला सांगता यावे लागते. यांतील शेवटचा प्रश्न पूर्वी व्यवसायाला घातक होता. आज तो या कलेच्या जबाबदारीचा भाग झाला आहे, आणि साठ्यात नोंदच नसलेल्या गाण्यांच्या बाबतीत यंत्र त्याचे उत्तर देऊ शकत नाही.